उन्हात मांडलेली चाकं

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आज नव्या दाराला चोळलेल्या जवसाच्या तेलाचा वास घरभर पसरला, ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून लिहितो. साठ सालाच्या आसपास बाभुळगावात आमच्या जुन्या मोटारीची लाकडी आऱ्यांची चाकं खिळखिळी झाली होती. मला नागपूरहून नवी लोखंडी चाकं हवी होती, पण वडिलांनी जुनीच चाकं बैलबंडीची चाकं करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुतारबाबांकडे दुरुस्तीला दिली. त्यांनी ती घासून, जवसाचं तेल पाजून तुकतुकीत केली. "भाऊ, आठ रोज सावलीतच ठेवजा, ऊन लागलं त आरे ढिले होतीन," चाकं घरी आणून देताना ते मला म्हणाले. ते गेल्यावर मी चारही चाकं मुद्दाम चैताच्या उन्हात मांडली. आरे खुळखुळू लागले. वडील चारचौघांत त्यांना म्हणाले, "हात चालत नाही त काम कायले घेतलं?" सुतारबाबा माझ्याकडे बघत राहिले, मी मान खाली घातली. नवी चाकं आली. सुतारबाबांकडे मात्र कोणी बंडी नेईना, तेव्हा ते लेकीकडे फुलसावंगीला गेले. वर्षभराने मी तिच्या दारात उभा राहिलो. "बाबा आताच झोपले. उठवू काय?" तिने विचारलं. "नको, झोपू दे त्यायले," म्हणालो आणि फिरलो. चाकं मीच उन्हात ठेवली, तुमचा हात चुकला नव्हता, हे वाटभर मी एकटाच बोलत आलो.