हळद-चुना आणि माझा अंगठा

चपलेतला खडा मला टोचला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. साखरेच्या दुखण्याने माझे तळपाय कधीचेच बधिर झाले आहेत. कोराडीच्या बसमधून उतरून घरापर्यंत तो खडा मी इमानदारीने वाहून आणला आणि आठवड्याभरात उजव्या पायाचा अंगठा टमाटरासारखा फुगला. आत पू.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी अंगठा पाहिला, मग मला पाहिलं, आणि मी जिभेवर आलेला विनोद मुकाट्याने गिळला.

त्यांच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. पू काढून त्यांनी जखमेत जेलची मऊ चकती बसवली. "जंतूंनी पू धरला की तिथलं मांस आंबट होतं," त्या म्हणाल्या. "तो आंबटपणा लागला की ही चकती विरघळते आणि आतलं अँटिबायोटिक तिथंच सोडते. नुसत्या गोळ्या तुमच्या अंगठ्यापर्यंत नीट पोचत नाहीत. तीन दिवस पट्टीला हात लावायचा नाही. फरक नाही पडला, तर अंगठा काढावा लागेल."

चाचणीच्या संमतीपत्रावर मी ऐटीत सही केली.

घरी कुहीहून थोरली बहीण येऊन बसलीच होती.

"काहून गा, नुसती जेली भरून दिली तुले?"

"अवं ताई, लय शहाणं औषध आहे ते. आंबट लागलं का आपोआप सुटते."

"औषध शहाणं न् तू येडा! बाबाची सूज कशानं उतरली होती?"

हळद-चुन्याच्या गरम लेपाने. आमच्या घरात सुजेला दुसरं उत्तरच नाही. पट्टी तिने सोडली हे खरं, पण पाय मीच पुढे केला. लेप थापून, तो वाळल्यावर पुसून काढून तिने पट्टी पुन्हा अशी बांधली, की कोणाला शंका येऊ नये.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी उघडली. चकती जशीच्या तशी, अंगठाही तसाच फुगलेला. त्यांचा चेहरा पडला. "ही विरघळायलाच हवी होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी छताचा पंखा मन लावून पाहू लागलो. तेवढ्यात त्यांनी पट्टीची कड उजेडात धरली.

"हा लाल डाग कसला? रक्त तर नाही हे."

"हळदीत चुना पडला का लाल होतेच वं बाई," ताई दारातून अभिमानाने म्हणाली. "कुंकू तसंच तर करत होतो आम्ही."

डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकल्या. "चुना? अहो, चुन्याने सगळा आंबटपणाच मारला! चकती विरघळणार कशी? आणि मी इथे अंगठा कापायचं ठरवत होते."

त्यांनी मला असं झापलं, की बाहेरच्या रांगेने कान टवकारले. झाला प्रकार कागदावर लिहिला, वरिष्ठांना फोन केला, जखम धुतली आणि नवी चकती बसवली. आणखी दोन दिवस मिळाले.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "म्या घालवला का गा तुया अंगठा?" ती रिक्षात म्हणाली. ते दोन दिवस ती माझ्या पायाशी बसून राहिली. ना नीट जेवली, ना कोणाला पट्टीजवळ फिरकू दिलं.

पाचव्या दिवशी तिला आत यायचा धीर झाला नाही. पट्टी उघडली, तर चकती विरघळून गेलेली, सूज ओसरलेली, आणि तळाशी गुलाबी मांस. "राहतो अंगठा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

मग माझ्यातला नटरंगी जागा झाला. मान खाली घालून, लंगडत, हुंदका दाबत मी बाहेर आलो. ताई बाकावरून उठली. तिचा चेहरा पाहिला आणि नाटक तिथंच कोसळलं.

"राहिला वं ताई! राहिला!"

भरल्या दवाखान्यात तिने माझा कान पिरगाळला. "मेल्या, पन्नाशी उलटली तरी अक्कल नाही आली तुले!" आणि रडत रडत ती तिथंच फरशीवर बसली, दोन्ही हात पाठीमागे बांधून, नाक पट्टीच्या अगदी जवळ आणून.

"लाव नं हात," मी म्हणालो.

"नाही गा," ती म्हणाली, "पयले त्या बाईले विचारून ये."