फोन धरणारे हात

परवा बहिणीच्या बाळाच्या बारशाला कुणीतरी परगावच्या आजीला व्हिडिओ कॉल लावून फोन वहिनीकडे दिला. वहिनीने तो दोन्ही हातांनी बाळाच्या तोंडासमोर धरला आणि स्वतःची मान फिरवली. कोविडमध्ये ती आयसीयूत नर्स होती. शेवटच्या घटका मोजणाऱ्यांना घरच्यांचे चेहरे ती असेच दाखवायची.

"अगं, तूही बोल की!" मावशी म्हणाली.

हॉस्पिटलने तिला ‘योद्धा’ लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं आणि सकारात्मक विचारांवर तासभर भाषण ऐकवलं, तेही हजेरीची सही घेऊन. झोप लागते का, हे एकानेही विचारलं नाही. रजा मागितली तर साहेब म्हणाले, "योद्धेच असे खचले तर कसं व्हायचं?"

बाळाने डोळे मिटले. वहिनीने फोन टाकून त्याच्या नाकाशी बोट धरलं. सगळे हसले. मला त्या साहेबाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.