भिश्तीचा चौथा कोपरा

मॉनिटरवर नाथूलालजींच्या पायाशी काहीतरी चमकलं. आधी वाटलं, फळीवर लाइट पडला असेल. मग आठवलं, फळ्यांवर तर आपणच सकाळी दरी, म्हणजे सतरंजी, अंथरली आहे. दरी चमकत नाही. ओली झाली तरच चमकते.

मी हेडफोनवरून कॅमेरामनला विचारलं, "मुकेश, ये पानी असली है क्या?"

"असली है भिया. दो छींटे तो मेरे लेन्स पे आ गए."

त्या दरीखाली, स्टेजच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, एका वायरचा जोड होता. दोनशे तीस व्होल्टचा. आणि तो मीच बांधला होता.

आता थोडं मागे जातो, नाहीतर माझी धडधड तुम्हाला कळायची नाही.

मध्य प्रदेश तेव्हा अखंड होता आणि इंदुरात केबल टीव्ही नुकता घरोघरी पोचला होता. स्नेहलतागंजमध्ये एका ट्रस्टने स्वतःचं चॅनल सुरू केलं. जाहिरात नाही, सिनेमा नाही, बातम्या नाहीत. फक्त गाणं, वाजवणं, नाच आणि नाटक. गल्लीगल्लीतल्या केबलवाल्यांनी रोज एक तास आम्हाला मोकळा दिला होता. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना सभागृहाच्या पायऱ्या चढवत नाहीत, अशा म्हाताऱ्या माणसांना घरी पलंगावर मैफल मिळावी, एवढाच हेतू. मी एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. सुटीच्या दिवशी इथे टेक्निकल इन-चार्ज. म्हणजे ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं माझं.

ट्रस्टच्या सेक्रेटरी वसुधाताई. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचा हट्ट असा की रविवारचा कार्यक्रम लाइव्हच हवा. लाइव्ह म्हणजे हॉलमध्ये जे चाललंय ते त्याच क्षणी लोकांच्या घरात. चुकलं तर चुकलं, कापता येत नाही. "रेकॉर्डिंग म्हणजे कालची पोळी," त्या म्हणायच्या. मला कालची पोळी आवडते. पण मला कोण विचारतो!

त्या रविवारी माच होता. माच हे माळव्याचं लोकनाट्य. उंच मंच, ढोलक, आणि माइकशिवाय चार शेतं ओलांडून जाईल असा गळा. मंडळी सांवेरकडच्या एका खेड्यातली. त्यांचे गुरू भेरूलालजी, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. माच रात्रभर चालणारी गोष्ट. आम्ही मागितला दुपारी चार वाजता, एक तासाचा. गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला. "दिन में माच? दिन में तो अपन खेत पे रेते हैं." पण ताईंनी कसं कोण जाणे, मनवलं. गुरुजींना दम्याचा त्रास होता. हा माच टीव्हीवर गेला नाही तर पुढे कुठेच जाणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

माच सुरू होतो भिश्तीने. खेळाआधी मंचावर पाणी शिंपडून धूळ बसवणारा माणूस तो. खांद्यावर मशक, म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, घेऊन गात गात येतो आणि चारी कोपरे शिंपडतो. मग एक जण येऊन जाजम अंथरतो, मग देवीची स्तुती, मग खेळ. भिश्तीचं काम गुरुजींचे धाकटे भाऊ नाथूलालजी करायचे. काटक, अनवाणी, साठीचे.

शनिवारी रिहर्सल झाली, तेव्हा मशक रिकामी होती. नाथूलालजी नुसते हात हलवत फिरले. मी आपल्या वहीत लिहिलं, मशक रिकामी. तिथेच चुकलो. रिहर्सल म्हणजे काही माच नव्हे. मंचाच्या खांबाची पूजा झाल्यावर, खऱ्या खेळालाच मशक भरतात. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही, कारण माळव्यात राहणाऱ्या माणसाला ती सांगायची असते हे त्यांच्या मनातही आलं नसेल. आणि मी? चार पिढ्या इंदुरात काढलेल्या घरातला. आमच्या घरी नाट्यसंगीत चालायचं. माचाचं ढोलक आम्ही लांबून ऐकून खिडकी लावणारे. मी विचारलं नाही.

आता तो जोड. मुकेशला कलाकारांच्या मागे दोन हॅलोजन हवे होते, डोक्यावरचे साफे आणि त्यांची जर उठून दिसावी म्हणून. हॅलोजन म्हणजे हजार वॉटचा दिवा, लोखंडी स्टँडवर. उजवीकडच्या दिव्याची वायर भिंतीपर्यंत पुरली. डावीकडची चार फूट कमी पडली. अशा वेळी रबरी आवरणाचा कनेक्टर लावायचा असतो. तो नव्हता आणि रविवारी दुकानं बंद. मी दोन वायरींची टोकं पिळली, वर काळी टेप गुंडाळली आणि जोड दरीखाली सारला. कारखान्यात माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं, तर मी त्याला घरी पाठवला असता. पण स्वतःचं काम तपासताना माणूस भारी दयाळू होतो. तिथे कोण जाणार आहे, असं मी मनाला सांगितलं.

आणि आता नाथूलालजी तिथेच निघाले होते.

पुढचा डावा कोपरा झाला होता. पुढचा उजवा चालू होता. ते गात होते, मागचे साथीदार टेक, म्हणजे ध्रुपद, धरत होते, आणि प्रत्येक ओळीला पाण्याची एक धार. दरी काळी पडत चालली होती. ओला जोड, ओली दरी, ओले अनवाणी पाय आणि हाताशी लोखंडी स्टँड. कुणी म्हणेल, फ्यूज उडाला असता की. फ्यूज वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. तो उडेपर्यंत माणूस राहत नाही. माणसाला करंट लागताच वीज तोडणारी यंत्रं आता घराघरांत आहेत. आमच्या हॉलमध्ये तेव्हा नव्हती.

दिव्यांचा स्विचबोर्ड स्टेजच्या पलीकडच्या विंगमध्ये होता. तिथे जायला मला किंवा मुकेशला कॅमेऱ्यासमोरून स्टेज ओलांडावं लागलं असतं, तेही ओल्या दरीवरून. मेन स्विच पॅसेजमध्ये, माझ्यापासून वीस पावलांवर. मेन पाडला की दिवे, कॅमेरे, मिक्सर, सगळं बंद. घराघरांतले टीव्ही काळे.

पॅसेजच्या दारात ताई उभ्या होत्या.

"ताई, मेन बंद करावा लागेल."

त्यांना आधी कळलंच नाही. "काय?"

"मेन. आत्ता."

"अहो पागनीस, लाइव्ह आहे ना! पूरा शहर बघतंय. झालं काय?"

"स्टेजवर पाणी आहे."

"हो, भिश्ती आहे तो! पाणीच शिंपडणार. दोन मिनिटांत गाणं संपतंय, फालतू टेन्शन घेऊ नका."

"वायरिंगचा प्रॉब्लेम आहे."

"कसला प्रॉब्लेम? सकाळी तर तुम्ही म्हणालात, सगळं ओके आहे."

म्हणालो होतो. आता एवढंच सांगायचं होतं की दरीखाली माझा कच्चा जोड आहे. पाच शब्द. ते मी सांगितले नाहीत. खरं सांगतो, त्या क्षणी मला दोन भीती वाटत होत्या. एक, नाथूलालजी मरतील. दुसरी, मेले तर सगळ्यांना कळेल की कोणामुळे. आणि दुसरी पहिलीपेक्षा फार लहान नव्हती. याची लाज मला अजून वाटते.

मागे वळून मॉनिटर पाहिला. तिसरा कोपरा, मागचा उजवा. नाथूलालजींनी मशक दुसऱ्या खांद्यावर घेतली. आता चौथा. ते मजेत होते. टीव्हीवर दिसतोय म्हणून असेल, रोजच्यापेक्षा जास्तच पाणी सोडत होते.

ताईंना खांद्याने बाजूला सारून मी पळालो. आयुष्यात कुठल्याही बाईमाणसाला मी धक्का दिला नव्हता. मेनचा लोखंडी खटका धरला आणि खाली ओढला.

हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे होते. भर दुपारी गुडूप अंधार झाला. मी कानात प्राण आणून ऐकत होतो. धप्पकन पडल्याचा आवाज येतो का, कोणी किंचाळतं का. ढोलक दोनचार ठेके अडखळलं आणि परत लयीत आलं. आणि अंधारातून नाथूलालजींचा आवाज आला. ते गातच होते. दिवे गेले म्हणून भिश्तीने थांबायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो.

पडदे उघडले तेव्हा ताई माझ्यासमोर उभ्या होत्या. रागाने नाही, अपमानाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. ऑफिसातला फोन वाजायला लागला होता.

"गुरुजींना काय तोंड दाखवू मी? बोला ना!"

मी सरळ स्टेजवर गेलो. नाथूलालजी मागच्या डाव्या कोपऱ्यात दरी गुंडाळून बाजूला करत होते. मी घाईने वाकलो, जोड उपटला, टेपचा तो काळा गोळा पँटच्या खिशात कोंबला. पाणी त्याच्यापासून वीतभर अंतरावर आलं होतं.

गुरुजी एका खुर्चीवर बसून धापा टाकत होते. मी हात जोडले. "गुरुजी, करंट का खतरा था. माफ करना."

त्यांनी श्वास सावरला. "खतरा था तो ठीक किया. पर भिश्ती आधा नी रेता. फिर से होगा. शुरू से."

"पानी के साथ?"

"बिना पानी के भिश्ती किस काम का?"

मी मागचे दोन्ही हॅलोजन काढून टाकले. उरलेले दिवे हॉलच्या पुढच्या बाजूला, कोरड्यात होते. टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक वायर हाताने चाचपली. दोनदा. अर्धा तास गेला. तोवर केबलवाल्यांनी आपापल्या कंट्रोल रूममधून 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी लावून ठेवली होती आणि आमची वेळ वाढवून दिली होती. मग नाथूलालजी पुन्हा मशक भरून आले.

त्या वेळी मी मॉनिटरसमोर नव्हतो. मेनचा खटका मुठीत धरून पॅसेजमध्ये उभा होतो. दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. पहिला कोपरा. दुसरा. दुसरी कुठली चूक राहिली असेल तर? तिसरा. आपल्याला जे माहीत नाही, ते आणखी किती असेल? चौथ्या कोपऱ्याची ओळ सुरू झाली तेव्हा मी खटका आणखी घट्ट धरला. ओळ संपली. जाजमवाला आला. देवीची स्तुती सुरू झाली. मी खटका सोडला तेव्हा बोटं सरळ होत नव्हती.

माच छान झाला. मागचे दोन दिवे नव्हते, ते एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे ज्या दिव्यासाठी मी तो जोड बांधला, तो दिवा मुळात लागतच नव्हता.

पुढच्या मीटिंगमध्ये ट्रस्टींनी विचारलं, "नेमकं झालं काय होतं?"

"काही नाही."

"काही झालं नाही, तर चॅनल अर्धा तास बंद का?"

न झालेला अपघात कुठल्याच रिपोर्टमध्ये दाखवता येत नाही. झालेला दाखवता येतो. मी जोडाबद्दल तेव्हाही बोललो नाही. रजिस्टरमध्ये ताईंनी लिहिलं, सावधगिरी. काही महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

नाथूलालजींनी मात्र गावभर करून टाकलं की इंदूरच्या साहेबाने जान बचाई. दरवर्षी भादव्यात सांवेरच्या बसने ते मक्याच्या भुट्ट्यांची गोणी घेऊन घरी यायचे. बायको भुट्टे किसून त्यांचा तिखट कीस परतायला लागायची, ते कौतुकाने तोच किस्सा सांगायचे, आणि मी विषय बदलायचो. चोराच्या मनात चांदणं. गुरुजी गेले, चॅनलही पुढे बंद झालं, पण भुट्टे येत राहिले.

एका वर्षी मला राहवलं नाही. बायको आत गेलेली पाहून म्हणालो, "नाथूलालजी, एक बात बतानी थी. वो खतरा मेरा ही बनाया हुआ था. दरी के नीचे कच्चा जोड मैंने ही लगाया था."

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"मालूम है भिया. दरी किसने उठाई थी? मैंने ही तो. आप जेब में ठूंस रिये थे, तब मैं पास में ही खड़ा था."

मी विचारलं, "तो फिर इतने साल ये भुट्टे?"

"कच्चा जोड तो सब लगाते हैं. मैंने भी कुएं की मोटर पे लगा रखा है. पर पूरे शहर के सामने अपनी बत्ती कौन बुझाता है?"

पुढच्या रविवारी मी हत्यारांची पिशवी आणि दोन रबरी कनेक्टर घेऊन सांवेरच्या बसमध्ये बसलो. त्यांच्या विहिरीच्या मोटरचा जोड आधी काढला. चहा नंतर घेतला.