वाजवून घेतलेलं मडकं

बिबवेवाडीत आमच्या समोर राहणाऱ्या बाई कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने वाजवल्याशिवाय घेत नाहीत. नारळ, कलिंगड, पातेलं, सगळं. मुलगा आयटीत, परदेशी. त्याच्याकडे गेल्या की तिथल्या बाजारात आणि मॉलमध्येही ठोकत हिंडायच्या. "गोरे बघत राहतात हो," म्हणून हसायच्या.

गेल्या खेपेला यजमान तिथेच वारले. अंत्यविधीला मडकं हवं, म्हणून मुलाने मॉलमागून मॉल पालथे घातले आणि शेवटी फुलझाडाची कुंडी आणली. "खाली भोक आयतंच होतं," बाईंनी मेथी निवडता निवडता मला सांगितलं. तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

आता फ्लॅट विकून त्या कायमच्या तिकडे निघाल्यात. परवा म्हणाल्या, "वहिनी, जरा बाजारात येता?" मला वाटलं, नातवंडांसाठी काही घ्यायचं असेल. तर नेलं कुठे, अंत्यविधीचं सामान मिळतं त्या दुकानात! पांढरं कापड घेतलं, दोन-चार मडकी वाजवली, एक पसंत केलं.

"कोण गेलं?" दुकानदाराने विचारलं.

"जायचंय अजून," बाई म्हणाल्या.

पुण्याच्या दुकानदाराने न मागता दहा रुपये कमी केले, म्हणजे बघा.

घरी येऊन त्यांनी मडकं सुती साड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवलं. मी म्हटलं, "अहो, असलं कुणी आधी घरात आणतं का?"

"पोराची धावपळ बघितलीय मी." बॅगेची चेन लावत त्या हळूच म्हणाल्या, "फोनवर बोललात तर सांगू नका हं. आई राहायला येतेय म्हणून खूश आहे तो."