चिमुकल्या गाडीत शर्यतीचं इंजिन

गॅरेजात माणसं गाडी दुरुस्त होईपर्यंत बसून राहतात, आणि बसलेला माणूस बोलतो. अकोल्यात बाबुरावांच्या गॅरेजात मी सतरा वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. तेवढ्या काळात इतके किस्से साठले की कुठला कोणत्या गाडीचा, हेच आता आठवत नाही. एका गाडीचे मात्र सगळे पाठ आहेत. खरं सांगायचं तर त्या गाडीचं नेमकं काय झालं, हे मला अजूनही पुरतं समजलेलं नाही.

गाडी डॉक्टरीणबाईंची. बाई मूळच्या पुण्याच्या, दवाखाना अकोल्यात. पातूर-अकोटकडच्या खेड्यांत बाळंतपणाला जायला ही चिमुकली विलायती गाडी. तिचं मागचं दार झाकणासारखं वर उघडायचं, तिथं बाईंची पेटी. साठ सालच्या आसपास तिचं इंजिन फुटलं. सुटे भाग विलायतेहून यायचे, आणि तेव्हा ते येतच नव्हते.

त्याच सुमारास अमरावतीच्या एका जिनिंगवाल्याच्या मुलानं आपली लाल इटालियन शर्यतीची गाडी मूर्तिजापूरजवळ बाभळीवर घातली. मुलगा धडधाकट, बाभूळ धडधाकट, गाडीची मात्र घडी झाली. ती भंगार म्हणून आमच्याकडे आली. आतलं इंजिन नवंकोरं होतं.

आमचे सुदाम मिस्त्री लढाईत फौजेच्या वर्कशॉपात होते. त्यांनी दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, "याचं त्याच्यात टाकतो."

"मिस्त्री, घोड्याचं काळीज शेळीत टाकून राह्यले का?" बाबुरावांनी विचारलं.

"शेळीले काय वाईट? पळन."

मिस्त्रींना घाई होती. त्यांची धाकटी लेक वत्सला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, पातूर रस्त्यावरच्या त्यांच्या गावी. दोन वर्षांपूर्वी थोरली अशाच वेळी बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवरच दगावली होती.

"पोळ्याच्या आत गाडी देतो, बाई," मिस्त्री म्हणाले. "पण वत्सलाच्या वक्ताले तुमी यायचं."

"गाडी चालली तर येईन," बाई म्हणाल्या.

*

पहिल्याच दिवशी घोळ. आमचे पाने इंची, इंजिनाचे नट मिलिमीटरचे. एक पाना ढिला व्हायचा, दुसरा चढायचाच नाही. देशात तेव्हा मैल जाऊन किलोमीटर येत होते. बाबुरावांना वाटलं, सरकार पानेही बदलून देत असेल. त्यांनी खरंच कचेरीत जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनालाही नक्की माहीत नव्हतं, म्हणून त्यानं अर्ज मागितला.

मिस्त्रींनी कानशीनं पाने घासून घेतले. अर्ज अजून तिथंच असेल.

*

इंजिन बसवायच्या दिवशी बाबुरावांनी नारळ आणला. मिस्त्रींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, नारळ आणि मुहूर्त त्यांनी सोडून दिले होते.

"मालक, नारळानं इंजिन चालू होत नाही."

"मंग न फोडल्यानं होते का?"

बाबुरावांनी इंजिनावरच नारळ फोडला, आणि पाणी थेट कार्बोरेटरमध्ये गेलं. दोन दिवस इंजिन चालू होईना. मिस्त्री म्हणाले, नारळामुळं. तिसऱ्या दिवशी झालं. बाबुराव म्हणाले, नारळामुळं. मला दोघांचंही पटत होतं.

*

इंजिन चालू झालं तेव्हा समोरच्या हॉटेलातल्या कपबशा हलल्या. बॉनेट लागत नव्हतं, म्हणून त्याला भोक पाडून इंजिनाचं डोकं वर काढलं होतं. मिस्त्रींनी क्लच सोडला, झटका बसला आणि गाडीचा मागचा नाजूक ॲक्सल तुटला. मग लाल गाडीचाच ॲक्सल घेतला. तो रुंद निघाला. कापला, जोडला, बसवला. यात दिवस निघून गेले.

पोळ्याच्या सकाळी मिस्त्रींनी पहिला गिअर टाकला आणि गाडी मागं गेली. बाबुराव वाचले, त्यांचं स्टूल गेलं. दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागं. रिव्हर्स टाकला, तर पुढं. मिस्त्री उतरून गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. ॲक्सल उलटा बसला होता. म्हणजे मागं जायला चार गिअर आणि पुढं जायला एक.

"मिस्त्री, आता या गाडीचं पुढं कोणतं म्हनाव?" बाबुरावांनी विचारलं.

"विचार करू द्या."

त्या एका गिअरवर पुढं नेऊन पाहिली, तर कोपऱ्यावरच त्याचे दाते मोडले.

*

गाडी ढकलून परत आणतोय, तोच मिस्त्रींचे जावई सायकलवर आले. पहाटेपासून वत्सलाला कळा येत होत्या आणि दाईनं हात टेकले होते. एसटी निघून गेलेली, गॅरेजात दुसरी चालू गाडी नाही. पोळा, त्यामुळे बैल कोणी जुंपणार नाही. टांग्याला दहा मैलांना दोन तास. मिस्त्रींनी गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "बाईले बोलवा."

बाई पेटी घेऊन आल्या. "ही पुढं जात नाही, असं ऐकलं."

"नाही जात."

"मग?"

"मागं जाऊ ना आपण."

बाईंनी थोडा विचार केला आणि तोंड अकोल्याकडं करून बसल्या. मी मागचं दार वर करून, पाय बाहेर सोडून बसलो, डावं-उजवं सांगायला. माझं डावं ते मिस्त्रींचं उजवं, हे कळलं तेव्हा आम्ही ज्वारीच्या वावरात होतो. त्यानंतर मी "बाभळीकडं", "खांबाकडं" असं सांगत गेलो. समोरून येणारे सायकलवाले कोणत्या बाजूला व्हावं हे न कळून सरळ खाली उतरत होते. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मला भीती वाटत होती. थोरलीच्या वेळी त्या बैलगाडीमागं मिस्त्रींबरोबर मीही चालत गेलो होतो.

गावाच्या वेशीत सजवलेले बैल तोरणाखाली उभे होते. त्यांनीच आधी वाट दिली. मिस्त्रींची बायको दारातून धावत आली. गाडीचं तोंड अकोल्याकडं, आत बाई बसलेल्या. ती दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभी राहिली आणि रडायला लागली. "बाई, जाऊ नोका व. माही पोरगी अजून मोकळी नाही झाली."

"अहो, मी आत्ता येतेय," बाई म्हणाल्या आणि पेटी घेऊन आत गेल्या. तरी ती गाडीसमोरून हटेना.

पाऊण तासानं बाई बाहेर आल्या. मिस्त्री ग्रीसचे हात तसेच धरून दाराशी उभे होते.

"नात झाली, मिस्त्री. दोघी ठीक आहेत. पोर पायाळू आहे, पायांकडून आली. आणखी अर्धा तास गेला असता तर माझ्याही हातात काही राहिलं नसतं."

मिस्त्रींनी घराकडे बघितलं, मग गाडीकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हे उलटं माह्यामुळं झालं का?"