आभाराचे दोन शब्द

ध्रुवावर जाऊन आलेले पाहुणे आता शाळाशाळांतून पर्यावरण शिकवत हिंडत. आज ते बाईंच्या शाळेत आले होते. त्यांच्याच मोहिमेत बाईंचा धाकटा भाऊ मेला होता. प्रेत आणायला बर्फगाडीवर जागा नव्हती, असं त्यांनी तेव्हा बाईंच्या आईला सांगितलं होतं. आणि आभार मानायचं काम मुख्याध्यापकांनी नेमकं बाईंच्याच गळ्यात मारलं होतं.

"आम्ही बर्फावर कागदाचा कपटासुद्धा टाकला नाही," पाहुणे छाती फुगवून म्हणाले. "स्वतःची विष्ठाही पिशव्यांत भरून परत आणली!"

पोरं खिदळली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी माइक ओढला.

"पाहुण्यांचे आभार. फक्त एवढं सांगा, तुमच्या गुवाला गाडीवर जागा मिळाली, मग माझ्या भावालाच कशी नाही मिळाली हो?"