शाफ्टावरचं डांबर

लेक नव्या नोकरीवर अकलूजला निघालीय. मी डिकीत डबे कोंबत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या कामाकडून गरम डांबराचा वास आला आणि मला लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं.

तेव्हा सासऱ्यांच्या ह्याच गाडीनं थरथर धरली होती. वेग घेतला की दात वाजायचे. "इंजिन गेलं. भंगारात द्या," सासरे तोंड फिरवून म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटचं एकदा बघू, म्हणून आम्ही दोघं नवराबायको वळसंगच्या रस्त्याला लागलो. भर वेगात ह्यांनी गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, गाडी आपल्या ओघात धावत राहिली.

"पायाजवळच्या उंचवट्यावर हात ठेव. थरथर थांबली का?"

पत्रा तापला होता, तळहाताला मुंग्या येत होत्या. "न्हाई ओ, तशीच हाय की!"

हे खुदकन हसले. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं. खोट होती त्या उंचवट्याखालच्या, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टात.

घरी येऊन हे गाडीखाली शिरले. गंज चढू नये म्हणून सासऱ्यांनी खंडेनवमीला गाडीला खालून डांबर फासलं होतं, शाफ्टालासुद्धा. एका बाजूला त्याचा जाड थर बसला होता, त्या वजनानं फिरताना शाफ्टाचा तोल जायचा. मी स्वयंपाकघरातलं उलथनं दिलं. थर खरवडला आणि थरथर गेली.

"माझीच माया लई झाली की," सासरे बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं.

आज मी डिकीतले दोन डबे गुपचूप काढून घेतले. लेकीनं आजोबांच्या गाडीला किल्ली लावली. गाडी अलगद निघाली.